वऱ्हाड आणि बिऱ्हाड

घर सोडून गेलेला माणूस आपल्या विनोदी वाङ्मयात बहुधा दोन रूपांत भेटतो. एक वऱ्हाडी म्हणून, दुसरा बिऱ्हाडकरू म्हणून. वऱ्हाड जाते ते परत येण्यासाठी. प्रवास, फजिती, कार्यसिद्धी आणि पुनरागमन असा त्याचा ठरलेला आलेख असतो. बिऱ्हाड मात्र थाटले जाते. ते कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी गावात, भाड्याने आणि तात्पुरते म्हणून थाटले जाते. आणि ते तात्पुरतेपण कधी कधी तीन पिढ्या टिकते. या दोहोंतील भेद केवळ विषयाचा नसून आकृतिबंधाचा आहे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. तो भेद दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपट यांच्या संदर्भात तपासून पाहावा, हा प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

या विचाराला निमित्त झाली ती एक मल्याळी मालिका. ‘अक्कर काळ्चकळ्’, म्हणजे पैलतीरावरील दृश्ये, ही विनोदी मालिका २००८ ते २०१० या काळात कैरळी वाहिनीवरून प्रसारित झाली. न्यू जर्सीत राहणारे एक मल्याळी कुटुंब हा तिचा विषय. नवरा विमा एजंट, बायको परिचारिका, दोन मुले आणि घरात केरळहून आलेले वडील. अबी वर्गीस आणि अजयन वेणुगोपालन या तेथेच राहणाऱ्या दोघांनी ती घडवली. कलावंतही बहुतांशी तेथलेच, पोटापाण्याचा दुसरा उद्योग सांभाळून अभिनय करणारे. मालिका महाजालावरून जगभरच्या मल्याळी घरांत पोचली आणि २०११ मध्ये तिचा चित्रपट झाला. मल्याळम मला येत नाही; उपशीर्षकांच्या आधारे मी ती पाहिली. परंतु भाषेची अडचण असूनही एक गोष्ट प्रथमदर्शनीच जाणवली. या कुटुंबाचे काहीही ‘होत’ नाही. बायकोचा पगार खात्रीचा आणि नवऱ्याचा बेभरवशाचा, ही अमेरिकेतील अनेक मल्याळी घरांची वस्तुस्थिती. १९६५ च्या कायद्यानंतर परिचारिकांना तिकडे मागणी आली आणि पुष्कळ घरांत बायको आधी व नवरा तिच्या पाठोपाठ गेला. केरळात असताना सहज मिळणारा पुरुषी मान येथे रोज नव्याने मिळवावा लागतो, आणि रोज थोडासा गमवावा लागतो. मालिकेतील हसू याच जागेतून निघते. ते प्रसंगातून आले तरी प्रसंगाबरोबर संपत नाही. पुढल्या भागात तेच कुटुंब त्याच कोचावर पुन्हा बसलेले असते.

मराठीत याच्या जवळचे उदाहरण शोधू गेल्यास चिमणरावाशीच येऊन थांबावे लागते. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पालीचे अभ्यासक, आणि त्यांचा कार्यकाळ मुख्यतः बडोद्यात गेला. म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठी मुलखाबाहेर बिऱ्हाड केलेल्या एका मराठी माणसाने निर्माण केली. चिमणरावाचा संसार मात्र त्यांनी पुणेरी ठेवला. मल्याळी लेखक पैलतीरावर बसून पैलतीराकडेच पाहतो. आपला लेखक पैलतीरावरून ऐलतीराकडे पाहतो. यात गुणदोषाचा प्रश्न नाही. पण बडोद्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांचा विनोद ‘चिमणरावा’ इतका सर्वमुखी झाला नाही, याची नोंद घेतली पाहिजे.

चिमणरावाचा माध्यमांतराचा प्रवास अभ्यासकांनी पाहावा असा आहे. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावं करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी साकारली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने तिची मालिका केली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत गेला. पुढे याच दोघांना घेऊन १९७९ मध्ये विनय धुमाळे यांनी ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. २०१० मधील ‘खिचडी’ हा भारतीय मालिकेवरून झालेला पहिला चित्रपट, असे पुष्कळदा म्हटले जाते. मराठीत ही घटना त्याआधी एकतीस वर्षे घडून गेली होती. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण त्या काळी खानदेशापर्यंत पोचत नव्हते. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या प्रेक्षकाला हा चिमणराव भेटलाच तर चित्रपटगृहात भेटणार. मालिकेच्या रूपात तो त्याच्या घरी येणे शक्यच नव्हते.

आता आकृतिबंधाकडे वळू. जोशींच्या कथा सुट्या आहेत. प्रत्येक कथेत एक नवी फजिती आणि शेवटी घर जसेच्या तसे. मालिकेला हे मानवते, कारण दर आठवड्याचा भाग म्हणजे एक कथा. चित्रपटाला मात्र धागा लागतो. ‘लग्न पहावं करून’ या शीर्षकातच तो दिसतो. लग्न म्हणजे आरंभ, अडथळे आणि अक्षता. चित्रपट अशा रीतीने बिऱ्हाडाचे वऱ्हाड करू पाहतो. राहणाऱ्याला तो जाणारा करतो आणि त्याला कोठेतरी पोचवतो. मालिका पोचवत नाही. ‘पोचणे’ ही तिची गरजच नव्हे. म्हणून मालिकेवरून चित्रपट होतो तेव्हा मूळ संहितेशी प्रामाणिकपणा किती राखला, हा आपल्याकडे सवयीने विचारला जाणारा प्रश्न मला गौण वाटतो. पात्रे तीच, नट तेच, भाषा तीच असली तरी काळ बदललेला असतो. आवर्तनाचा काळ जातो आणि समाप्तीचा काळ येतो.

लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ येथे आठवणे अपरिहार्य आहे. १९७९ पासून त्यांनी हा एकपात्री प्रयोग देशोदेशी केला, एकट्याने बावन्न पात्रे उभी केली. मराठवाडी बोलीला त्यांनी मिळवून दिलेली प्रतिष्ठा निर्विवाद आहे. पण त्याचे शीर्षकच आपल्या मुद्द्याचा पुरावा आहे. लंडनला निघाले ते वऱ्हाड. त्याची गंमत जाण्यात आहे, राहण्यात नाही. पुढे लंडनमध्ये चित्रित झालेले मराठी चित्रपटही वाढले. परंतु मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांत लंडन हे वऱ्हाडाला दिसते तसेच दिसते. अमेरिकेत १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. त्याच्या अधिवेशनांना महाराष्ट्रातून नाटके बोलावली जातात. तेथली मंडळी स्वतःही हौसेने नाटके बसवतात. तरीही त्यांच्या स्वयंपाकघरातला, पगाराचा आणि थोरल्यांच्या मानापमानाचा रोजचा विनोद मराठी दृश्य माध्यमात ‘अक्कर काळ्चकळ्’च्या तोडीने साकारलेला माझ्या पाहण्यात नाही.

हे सारे मी लंडन-अमेरिकेच्या हेव्याने लिहीत नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न अधिक जवळचा आहे. खानदेशाचे पैलतीर सुरत आहे, आणि तेही त्याच तापीच्या काठावर. ताप्ती व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात शिरली. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार आणि मग उधना, असा हा सुमारे तीनशे किलोमीटरचा मार्ग. धुळे-साक्रीकडची माणसे नवापूरवरून एस.टी.ने जातात. कोरडवाहू शेतीने ढकलले आणि यंत्रमागाने ओढले. उधना आणि लिंबायत या भागांत आज खानदेशी वस्ती इतकी दाट आहे की तेथील राजकारणालाही तिची दखल घ्यावी लागते. माझ्या मामांचे बिऱ्हाड उधन्यात होते. मामा रात्रपाळीत मागावर. मामी घरी साड्यांचे धागे कापायच्या, किनारीला टिकल्या चिकटवायच्या. दारात शेजारणीला त्या ‘केम छो’ म्हणत, मुलांना शाळेच्या मराठीत अभ्यासाला बसवत आणि मामांशी अहिराणीत भांडत. ‘गावले जानं शे’ हे वाक्य त्या घरात दर उन्हाळ्यात उच्चारले जाई. त्यात बेत किती आणि दिलासा किती, हे कोणी कोणाला विचारत नसे. परिचारिकेच्या पगारावर चालणारे न्यू जर्सीतील घर पाहताना मला साड्यांच्या गठ्ठ्यांवर चालणारे हे घर ओळखीचे वाटले. मामांचा मागावरचा रोज बंद असे तेव्हा मामींची कात्री चालू असे. आणि त्या दिवसांत मामांचा आवाज जरा अधिक मोठा होई. विनोदी लेखकाला याहून अधिक काय हवे?

असे असूनही या घराला मराठी साहित्यव्यवहारात रूप का मिळाले नाही? एक उत्तर भाषेच्या प्रतवारीत आहे. ग्रियर्सनने भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात खानदेशीला मराठीबरोबर न बसवता भिल्ली भाषांच्या सोबत बसवले. २०११ च्या जनगणनेतही ती मराठीहून वेगळी मोजली गेली आणि तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. अमळनेर-धुळ्याचा माणूस सुरतेत गेला की ‘मराठी’ ठरतो. पुण्यात गेला की त्याचे मराठी पुरेसे मराठी आहे काय, अशी शंका घेतली जाते. प्रमाणभाषेच्या मालिकेत अशी बोली येते ती गड्याच्या किंवा इरसाल म्हाताऱ्याच्या तोंडी. त्या बोलीत कोणी घर चालवतो, हिशेब करतो, मुलीच्या शिक्षणाची चिंता करतो, हे गृहीत धरलेलेच नसते. मल्याळी मालिकेला ही अडचण फारशी जाणवली नाही. तिच्या घराची भाषा आणि तिच्या वाहिनीची भाषा एकच होती.

दुसरे उत्तर आपल्या वाङ्मयीन कल्पनेत आहे. जाऊन परत येणे ही आपली प्रिय आकृती आहे. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो आणि अखेर सांगवीला परततो. त्या परतण्याला नेमाड्यांनी दिलेला कडवट अर्थ सर्वज्ञात आहे. तरीही आलेख परतीचाच राहतो. देशीवादी समीक्षेने मुळांचा विचार केला, आणि तो आवश्यकच होता. पण मुळे उपटून दुसऱ्या मातीत लावलेल्या रोपाच्या दैनंदिन तगण्याचा विचार करायला तिच्याकडे पुरेशी परिभाषा नव्हती. जो परत येत नाही आणि परकाही होत नाही, अशा माणसाला आपण शोकात्म करतो किंवा विसरतो. त्याला विनोदी करणे म्हणजे त्याचे राहणे मान्य करणे होय.

गेल्या काही वर्षांत अहिराणीतील छोट्या विनोदी चित्रफिती महाजालावर मोठ्या संख्येने येऊ लागल्या आहेत. माझे विद्यार्थी त्या पाहतात आणि प्रबंधाच्या विषयांत मात्र त्यांचा उल्लेख टाळतात. मी पाहिलेल्यांपैकी पुष्कळ प्रहसनवजा आहेत. दारुडा नवरा, खाष्ट सासू, आणि सुरतेहून सुटीला आलेला, गॉगल लावलेला पाहुणा. हा पाहुणा पुन्हा वऱ्हाडीच. गावाने पाहिलेला सुरतकर. सुरतेच्या खोलीत, पाळी संपवून येणारा, गावाकडे पैसे पाठवून उरलेल्यात महिना काढणारा सुरतकर स्वतःकडे अद्याप क्वचितच पाहताना दिसतो. तरीही ज्या माध्यमाने न्यू जर्सीच्या घराला प्रेक्षक दिला तेच माध्यम आता लिंबायतच्या खोलीतही आहे. तेव्हा साधनांचा अभाव ही सबब राहिलेली नाही.

उद्या अशी मालिका झालीच, तर तिचा चित्रपट करण्याची घाई होईल, कारण आपल्याकडे आजही मालिकेपेक्षा चित्रपट ही बढती समजली जाते. त्या घाईत बहुधा एक लग्न जमवले जाईल, गावची जत्रा येईल, आणि शेवटी सारे कुटुंब गाडीतून उतरून शेताच्या बांधावर उभे राहील. प्रेक्षक टाळ्या वाजवतील. समीक्षकाने त्या वेळी बांधाकडे न पाहता उधन्याच्या त्या खोलीचे भाडे कोण भरते आहे, हे विचारले पाहिजे. मामांच्या मुलांनी ती खोली सोडून जवळच फ्लॅट घेतला. त्यांची मुले आता गुजराती माध्यमात शिकतात आणि आजीशी अहिराणीत बोलतात. हे जगणे अपूर्ण नाही, तात्पुरते नाही आणि शोकात्मही नाही. मात्र ते सांगणारा आकृतिबंध आपण घडवला नाही, तर ही मुले स्वतःचे घर कायम कोणाच्या तरी परतीच्या कथेतला मुक्काम म्हणूनच वाचतील.