गाव तिथंच होतं

एखाद्या मोठ्या कलावंताच्या अखेरच्या दिवसांवर लिहायचं म्हटलं, की आपल्याकडे लेखणी आपोआप ओलसर होते. हलाखी, विस्मृती आणि ‘कुठल्याशा लहान गावात काढलेली शेवटची वर्षं’. लहान गाव हे जणू दुखण्याचंच नाव. मी नाशिककर, त्यामुळे या वाक्याचा मला जरा रागच आहे. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात वारले. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत नाशिक येतं ते शेवटच्या परिच्छेदात, पडदा पाडण्यापुरतं.

वास्तविक ते आले होते ऐन भरात. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, गाजला, आणि त्याच वर्षी या माणसानं मुंबईतला बाडबिस्तरा उचलून नाशिक गाठलं. तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस. प्रेक्षक मुंबईत, पैसा मुंबईत, आणि हे गोदाकाठी! वेडेपणा वाटेल, पण त्यात धंद्याचा हिशेब होता. पौराणिक चित्रपटाला नदी हवी, घाट हवा, देवळं हवीत, वनवासाला रान हवं. इथं ते सगळं फुकट उभं होतं, आणि कॅमेऱ्याला लागणारं ऊनही चोख. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे त्या पहिल्या बहरातले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती पुरुषानं, अण्णा साळुंके यांनी, केली होती; त्यानंतर वर्षाच्या आत हे घडलं. (कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. हे सांगितलं की समोरचा हटकून ‘काय सांगता!’ म्हणतो.)

त्या कंपनीचं वर्णन वाचताना मला स्टुडिओ दिसतच नाही, दिसतं ते एक मोठं खटल्याचं घर. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण टाकायला दिले हे सगळे सांगतात. त्यांनी काम काय काय केलं, हे सांगायला मात्र विसरतात. कच्च्या फिल्मला कडेनं भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. हा सगळा संसार रेटताना सरस्वतीबाईंना एकदाही वैताग आला नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण एवढं खरं, की तो सिनेमा माजघरातून निघत होता आणि माजघर नाशकात होतं.

गाव सोडायच्या संधी आल्या नाहीत असंही नाही. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, कौतुक झालं, तिथंच काम करा म्हणून बोलावणं आलं. हे परत आले. पुढं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भांडवलवाल्या भागीदारांशी बिनसलं तेव्हा रागानं सगळं टाकून काशीला गेले, तिथं बसून ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, आणि १९२२ च्या सुमारास पुन्हा नाशकात, त्याच कंपनीत दाखल. काशीहूनसुद्धा माणूस परत येतो ते काही उगाच नाही.

मग १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला. इथं खरी मेख आहे. मूकपटाला ऊन पुरत होतं. बोलपटाला बाहेरचा आवाज आत न येणारी बंद जागा हवी, ध्वनिमुद्रणाची महागडी यंत्रं हवीत, गाणारे नट हवेत आणि या सगळ्यासाठी मोठं भांडवल. नदीकाठ एका रात्रीत कुचकामी झाला, कारण तिथं पक्षी ओरडतात आणि धोबी कपडे आपटतात. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. नाशिकनंही धडपड केली. गोदावरी सिनेटोननं काढलेल्या ‘सती सुलोचना’त विशीतले वि. वा. शिरवाडकर लक्ष्मणाच्या भूमिकेत होते. पुढं ‘नटसम्राट’ लिहिणाऱ्या माणसाची सुरुवात अशी! पण ते फार टिकलं नाही. प्रभातसारखी प्रभात कंपनीसुद्धा १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्याला गेली होती. फाळके हलले नाहीत. सिनेमा हलला.

शेवटचा चित्रपट करायला मात्र त्यांना गाव सोडावं लागलं. १९३७ चा ‘गंगावतरण’, त्यांचा एकमेव मुळातून बोलपट, कोल्हापूर सिनेटोनचा. वय सदुसष्ट. तो काही चालला नाही.

कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर तिथले दोघे आठवतात. बाबूराव पेंटर यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ काढला. महाराष्ट्र फिल्म कंपनी सुटल्यावर थोडे चित्रपट केले आणि मग पुन्हा कुंचला आणि शिल्पाची माती हातात घेतली. १९५४ साली गेले ते कोल्हापुरातच. त्यांच्यापाशी सिनेमाच्या आधीपासूनची एक विद्या होती, तिला ना स्टुडिओ लागत होता ना भागीदार. भालजी पेंढारकरांची तऱ्हा वेगळी. जिथं फाळक्यांनी ‘गंगावतरण’ केला, ते कोल्हापूर सिनेटोनचं आवारच पुढं भालजींचा जयप्रभा स्टुडिओ झालं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ तिथून काढले, आणि नव्वदी ओलांडल्यावर त्यांना पुरस्कार मिळाला तो फाळक्यांच्याच नावाचा. १९९४ साली ते गेले, तेव्हा ‘लहान गावात अखेरचे दिवस’ असं लिहायची कुणाची छाती झाली नाही. गाव दोघांचंही लहानच, पण तिथं हाताला काम होतं.

फाळक्यांच्याही हातात विद्या थोड्या नव्हत्या. छपाई, छायाचित्रण, चित्रकला. स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं जादूचे प्रयोगसुद्धा त्यांनी केले होते. पण सिनेमानं त्या सगळ्या आपल्या पोटात घेतल्या होत्या. छपाईतली नजर ट्रिकसीनमध्ये, जादू भस्मासुराच्या राखेत. सिनेमा गेला तेव्हा वेगळी काढून घ्यावी अशी एकही उरली नसावी, असं मला वाटतं. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म काढली होती. तिच्या उरलेल्या तुकड्यात ते स्वतः फिल्मची पट्टी हातात घेऊन निरखताना दिसतात. त्या माणसाला निवृत्त करायला कुठल्या गावाची गरज नव्हती, ती पट्टी काढून घेतली की पुरे होतं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आता फाळके स्मारक आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना लेणी दाखवायच्या निमित्तानं तिकडं जाणं होतं. बागेत फिरताना कुणीतरी हमखास म्हणतं, “म्हणजे शेवटी ते इथं आले होते तर.”

“शेवटी नाही,” मी म्हणतो, “१९१३ साली.”