प्रेक्षकाविना रस

बर्लिन हे शहर प्रवाशाला प्रथम भेटते ते त्याच्या इतिहासातून. १९६१ साली उभारलेली आणि १९८९ साली कोसळलेली भिंत पाहिल्याखेरीज तेथून कोणी परतत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात मीही त्याच वाटेने हिंडलो. मनात मात्र टिकून राहिले ते आउगुस्टश्ट्रासेवरील एक जुने नृत्यगृह. १९१३ साली सुरू झालेल्या या क्लेर्शेन्स बालहाउसने दोन महायुद्धे आणि पूर्व जर्मनीची राजवट पाहिली आहे. ती संध्याकाळ साल्साची होती.

‘साल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ जेवणातील रस्सा किंवा चटणी. क्यूबातील ‘सोन’ व ‘मांबो’, पोर्टो रिकोचे सूर आणि जाझ यांच्या मिश्रणातून न्यूयॉर्कमधील कॅरिबियन वस्त्यांत जे संगीत घडले, त्याला १९७० च्या दशकात हे नाव रूढ झाले. टिटो प्युएन्टे यांच्यासारख्या थोर वादकाला ते पटत नव्हते. माझ्यासारख्या काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ते ऐकताच भरतमुनींची आठवण व्हावी, हे साहजिकच होते. नाट्यशास्त्रातही रसाची उपपत्ती सांगताना दृष्टान्त येतो तो व्यंजनांच्या संयोगाचाच.

या संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’: दोन लाकडी दांडक्यांवरचे पाच आघात, तीन आणि दोन असे विभागलेले. पुष्कळदा ते प्रत्यक्ष वाजतही नाहीत, तरी सर्व वाद्ये त्यांना धरून चालतात; वृत्त न उच्चारताही ओळ वृत्तात राहते, तसे. नर्तकाची पावले आठ मात्रांत पडतात आणि चौथ्या व आठव्या मात्रेवर थबकतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा लहानपणापासून कानांत मुरलेल्या मला ते थबकणे फार परके वाटले नाही.

माझ्या शेजारी एक क्यूबन गृहस्थ बसले होते. १९७८ च्या करारानंतर क्यूबातून अनेक तरुण कामगार म्हणून पूर्व जर्मनीत आले. हे त्यांपैकीच एक. तो देश नाहीसा झाला आणि बहुतेक सोबती मायदेशी परतले. हे येथेच राहिले. कारखान्याच्या वसतिगृहात शनिवारी रात्री टेबले बाजूला सारून आपण नाचत असू, असे ते सांगत होते. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. आता त्यांच्या मुलीच्या वयाच्या जर्मन मुली त्यांना नाचायला बोलावीत होत्या, आणि ते उठून जात होते.

त्यांना पाहताना एक प्रश्न मला अस्वस्थ करू लागला. रसास्वादाला अंतर हवे, आस्वादक तटस्थ हवा, हे मी आयुष्यभर शिकवीत आलो. येथे रंगमंच नव्हता आणि प्रेक्षकही नव्हता. मग रस होता तो कोणापाशी? मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन प्रकार सांगितले. ते तिन्ही मला त्या जोड्यांच्या हातांत दिसत होते. दोघांच्या बाहूंत किंचित ताण असल्याशिवाय एकाचा संकेत दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. विरोध नसेल तर संवादही नाही! मर्ढेकरांची ही लय कलाकृतीत शोधावयाची. येथे तर कलाकृती आणि आस्वादक यांच्यात भेदच उरला नव्हता.

आपल्याकडे हे अगदीच अपरिचित आहे असे नाही. फुगडी दोघींची असते. ती घालणाऱ्यांसाठी असते, बघणाऱ्यांसाठी नव्हे. वारीतल्या रिंगणात नाचणारा वारकरीही कोणासाठी नाचत नाही. आपल्या समीक्षेने मात्र या अनुभवाला लोकसाहित्याच्या दालनात ठेवले आणि रसचर्चा प्रेक्षागृहातच चालू ठेवली.

रात्री उशिरा एका वृद्ध जर्मन बाईंनी माझ्यापुढे हात केला. मला पावले येत नव्हती. त्यांनी ती मोजून दाखविली. गाणे चार-पाच मिनिटांचे असेल. ते चांगले होते की सामान्य, हे मला आजही सांगता येणार नाही.