चिनी शिकणाऱ्या भाचीला

चि. बेटा,


दिल्लीला चिनी भाषेच्या अभ्यासक्रमाला नाव घातल्यापासून घरच्या मंडळींनी तुला काय काय ऐकवलं, ते तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. शत्रूची भाषा कशाला, नोकरी कोण देणार, आपल्या जंगलपट्टीचा आणि चीनचा संबंध काय. नोकरीचं तुझे प्राध्यापक पाहतील. संबंधाचं उत्तर मी देतो. भद्रावतीत उभा जन्म गेला माझा, तेवढा हक्क मला आहे.

चिनी बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग भारताच्या प्रवासाला 629 च्या सुमारास चांगआनहून निघाला आणि 645 मध्ये परतला. महाराष्ट्राबद्दल, चालुक्य राजा पुलकेशीबद्दल त्यानं काय लिहिलं ते आपण शाळेत अभिमानानं वाचतो. पण त्याआधी कलिंगातून वर वळून तो कोसल देशात आला होता, ते प्रकरण कुणी उघडत नाही. चहूकडे डोंगर, जंगलाला लागून जंगल, जमीन कसदार, गावं दाट, माणसं उंच आणि काळी, शूर आणि तापट, असं त्याचं वर्णन आहे. ते वाचलं की मला आपली झाडीपट्टीची माणसं डोळ्यांसमोर येतात. त्या कोसलची राजधानी कोणती यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. कनिंगहॅमनं आपल्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, कौल दिला, फर्ग्युसननं वैरागडाचं नाव घेतलं, भांदकचं, म्हणजे आपल्या भद्रावतीचंही नाव पुढे आलं. आज बहुतेक अभ्यासक छत्तीसगडातलं सिरपूर मानतात आणि मलाही ते पटतं. गावचा मान वाढावा म्हणून पुरावा वाकवायचा नसतो. तरीही कोसलातून आंध्राकडे उतरणारा तो भिक्षू आपल्याच जंगलांच्या आसपासून गेला असावा, एवढं म्हणायला हरकत नाही.

बुद्ध तर आपल्या गावातच आहेत. इथल्या विजासन लेण्यांत तू लहान असताना आली होतीस, आठवत असेल. टेकडीच्या पोटात सरळ सत्तरेक फूट गेलेला बोळ, टोकाला बसलेले बुद्ध, आणि डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन दालनं, त्यांतही बुद्ध. मे महिन्यात बाहेर डोकं तापतं आणि आत चार पावलं टाकली की अंगावरचा घाम गार पडतो. वटवाघळांचा उग्र वास, मूर्तीच्या पायाशी मेणबत्त्यांचं थिजलेलं मेण, दगडावर छिन्नीचे तिरके घाव. मी हात फिरवून पाहतो ते घाव. बाबासाहेबांनी नागपूरनंतर 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात दीक्षा दिली, आणि या जुन्या बुद्धांपुढे पुन्हा मेणबत्त्या लावणारी माणसं आली. त्यांत तुझे पणजोबा होते.

कोसलातलीच एक गोष्ट ह्युएन त्संगानं टिपून ठेवली आहे. बौद्ध आचार्य नागार्जुनाच्या दाराशी सिंहलहून देव नावाचा पंडित वाद घालायला आला. नागार्जुनानं शिष्याच्या हाती काठोकाठ पाण्यानं भरलेलं पात्र बाहेर पाठवलं. देवानं अवाक्षर न काढता त्यात एक सुई सोडली. पात्र आत गेलं आणि नागार्जुन खूश झाला. भरलेलं पाणी म्हणजे गुरूचं ज्ञान, आणि सुई म्हणजे त्याचा तळ गाठायला आलेला शिष्य. हाच आर्यदेव. त्याच्या नावावरचा ‘अक्षरशतक’ हा छोटासा ग्रंथ संस्कृतात हरवला, चिनी आणि तिबेटी भाषांतरांत तेवढा उरला. त्या भाषांतरांवरून 1930 साली हायडलबर्गला तो इंग्रजीत आणणारे वासुदेव गोखले मराठी माणूस. पालीचे पंडित पु. वि. बापट यांनीही चिनी विनयग्रंथांवर घाम गाळला. घराला आग लागण्याआधी शेजाऱ्याकडे ठेवलेली पेटी असावी, तसे आपले कितीतरी ग्रंथ चिनीत सुखरूप आहेत. ती पेटी उघडायला भाषा लागते. घरात पुन्हा कुणी विचारलं तर हे सांग.

आणि त्या भिक्षूच्या प्रवासाचं तिकडे पुढे काय झालं, ते तर तू आता मुळातून वाचशील. सोळाव्या शतकात त्याच्यावर ‘पश्चिमेची यात्रा’ ही शंभर अध्यायांची कादंबरी आली. त्यात भिक्षू भित्रा, रडका, आणि त्याला सांभाळून नेतो तो सुन वुखोंग नावाचा वानर. ढगावरून उडी मारतो, सोन्याच्या कड्यांचा सोटा फिरवतो, देवांशी भांडतो. चिनी मुलं त्याच्यावर जीव टाकतात. हा वानर आपल्या हनुमानावरून आला, असं हू शी म्हणाले. लू शुन यांना ते मान्य नव्हतं, त्यांनी चिनी दंतकथांतलंच मूळ दाखवलं. मला हा वादच फार आवडतो. दोन मोठे लेखक आपली ओळख कुठून आली ते वानराच्या शेपटीला धरून शोधत होते, आणि त्यांतल्या एकाला ती परदेशातून आली असं म्हणायला संकोच वाटला नाही. आपल्याकडे गावोगाव पारावर मारुती आहे. त्याचा एक भाऊबंद चीनमध्ये असू शकतो, हे इथल्या पोरांना कुणी सांगतच नाही.

गडचिरोलीत मात्र चीन म्हटलं की एकच नाव. 1980 च्या सुमारास तिथे नक्षलवाद्यांचे दलम, म्हणजे सशस्त्र गट, आले. ज्यांच्या नावानं आले ते माओ 1976 मध्येच वारले होते. एटापल्ली-भामरागडकडच्या किती आयांनी या लढाईत पोरं गमावली, खाकीतली आणि हिरव्या कपड्यांतलीही, ते मी तुला काय सांगू! एका आश्रमशाळेत व्याख्यानाला गेलो असताना सातवीतल्या मुलीनं विचारलं, “सर, माओच्या गावचे लोक काय खातात?” मी म्हटलं, “हुनान प्रांत तो. भात खातात, आणि झणझणीत मिरची.” ती शेजारणीकडे वळून म्हणाली, “म्हंजे आपल्यासारखेच!” तिला मी आणखी सांगायला हवं होतं असं नाही, तुला सांगतो. 1959 ते 1961 च्या दुष्काळात माओच्याच राजवटीत कोट्यवधी चिनी शेतकरी उपाशी मेले. सत्तेचं नाव आणि तिच्याखाली चिरडलेली माणसं एकच समजू नकोस, आणि कुणाला समजू देऊ नकोस.

‘शत्रू’ म्हणणाऱ्यांना 1962 आठवतं, ते योग्यच आहे. आपले जवान गेले. पण त्याच वेळी आसाम-दार्जिलिंगकडे जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना आपण राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. चेहऱ्यावरून. चौकातल्या गाडीवर तुझे काका जे मंचुरियन मिटक्या मारत खातात, ते 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये ज्यांनी पहिल्यांदा केलं, ते नेल्सन वांग कोलकात्यात जन्मलेले. चीनमध्ये तो पदार्थच नाही. तो माणूस चिनी की भारतीय, हे कुणी कुणाला विचारायचं?

आता माझं काम. ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनाचं बीलनं केलेलं 1884 चं इंग्रजी भाषांतर जुनं झालं, मी त्यावरच भागवतो. कोसलचं प्रकरण फार मोठं नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुटीत ये, जमेल तेवढं मुळातून मराठीत उतरव, अडेल तिथे तुझ्या प्राध्यापकांना विचार. इथल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय, नववीच्या मुलांना वाचून दाखवायचं. शब्दकोशाचे पैसे आईच्या खात्यावर टाकले आहेत. मोठा घे.

तुझा,
मामा