निसटणारें श्वापद

गेल्या सुटींत एके दुपारीं माझा धाकटा मुलगा पोकेमॉन नांवाच्या खेळांत गुंगलेला पाहून मी त्यास रागें भरलों. "एंटेई पुन्हां पळाला, बाबा!" एवढेंच तो कळवळून म्हणाला. जिज्ञासेनें मी शेजारीं बसलों.

१९९९ सालीं जपानांत निघालेल्या त्या खेळाच्या 'गोल्ड' आवृत्तींत राइकू व एंटेई हीं श्वापदें सदा भटकत असतात व गांठ पडतांच पळ काढतात. आपण वाट बदलली, कीं तींही बदलतात; म्हणून नुसतें धांवून तीं हातीं लागत नाहींत. परंतु एका भेटींत घटलेलें त्यांचें बळ पुढील भेटींतही घटलेलेंच राहतें. "म्हणून कोणतीच भेट फुकट जात नाहीं," मुलगा म्हणाला.

मला वर्गांतील एक बुजरा विद्यार्थी आठवला. उत्तरासाठीं मी त्याच्या मागें लागें, आणि तो शाळाच चुकवी. शाळा उघडल्यावर मी त्यास रोज एकच सोपा प्रश्न विचारूं लागलों. उत्तर न आल्यास हंसून पुढें जाऊं लागलों. त्याचा बुजरेपणा दिवसेंदिवस घटला, आणि महिन्याभरानें त्यानें आपण होऊन हात वर केला.

पालकहो, मूल पळूं लागलें, तर आधीं आपलें धांवणें थांबवून पाहावें.