हिरा, कुत्रा आणि पाटल्या

चोरीच्या मालाइतका भटक्या जगात दुसरा कोणी नसेल. घामाचा पैसा बिचारा कपाटात नाहीतर पासबुकात मुकाट्याने पडून राहतो. चोरीचा माल मात्र एकदा धन्याच्या घरातून बाहेर पडला की उंडारत सुटतो. या खिशातून त्या पिशवीत, त्या पिशवीतून तिसऱ्याच्या गाडीत. ज्याच्या हाती तो येतो त्याला वाटते, आता हा आपला झाला. आणि नेमके त्याच क्षणी त्या मालाला पुढच्या मुक्कामाचे वेध लागलेले असतात.

या भटकंतीवर बेतलेला 'स्नॅच' नावाचा एक इंग्रजी चित्रपट आहे. गाय रिची या इंग्रज लेखक-दिग्दर्शकाने तो २००० साली काढला. आदल्याच चित्रपटाची, म्हणजे १९९८ सालच्या 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स'ची, ही दुसरी आवृत्ती आहे, अशी कुरकूर काही टीकाकारांनी तेव्हा केली होती. असेना का! चकली गेल्या वर्षीसारखीच झाली म्हणून ताट दूर सारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. 'आजी, हा बघच' म्हणून नातवाने तो लावून दिला आणि मी पावणेदोन तास जागची हलले नाही. मात्र दिवाळीच्या फराळाला जमलेल्या सगळ्या गोतावळ्याने एकत्र बसून पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. त्यातली माणसे तोंड उघडतात ती बहुधा शिवी देण्यासाठीच, आणि मुडदे तर असे पडतात की मोजणाऱ्याची बोटे अपुरी पडावीत. तरीही हसू येते. ते का येते, हाच आजच्या गप्पांचा विषय.

आरंभी बेल्जियममधल्या अँटवर्प या शहरात, जिथे हिऱ्यांचा मोठा बाजार आहे, चौघे दाढीवाले धर्मशील यहुद्यांच्या वेषात एका पेढीत शिरतात आणि ८६ कॅरटचा हिरा लांबवतात. तो हिरा घेऊन फ्रँकी नावाचा गडी लंडनला येतो. त्याला जुगाराचे भारी वेड. न्यूयॉर्कला त्याची वाट पाहत बसले आहेत कझिन अव्ही. बोरिस नावाचा एक रशियन त्या हिऱ्यावर टपलेला आहे. त्याने सॉल आणि व्हिनी या दोन भुरट्यांना चोरीची सुपारी दिली आहे. त्यांचा गाडीवान टायरोन अंगाने असा अवाढव्य की तो पळून कसा जाणार, हाच पहिला प्रश्न. मागे गाडी घेताना त्याची धडक ज्या व्हॅनला बसते, तिच्यातच नेमका फ्रँकी! योजना आखणाऱ्याला जे साधले नसते ते वेंधळ्याकडून आपोआप घडून जाते.

इकडे दुसरीच कथा. टर्किश आणि टॉमी हे दोघे बेकायदा मुष्टियुद्धे भरवतात. आईबाप एकाच विमान-अपघातात सापडले, तिथेच त्यांची ओळख झाली, म्हणून त्या विमानाच्या नावावरून आपले नाव टर्किश पडले, असे हा गडी आरंभीच सांगून टाकतो. ज्याचा जन्मच एका अपघाताचे फळ, तोच कथा सांगायला बसला आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याच्या कचेरीची फिरती गाडी, म्हणजे चाकांवरचे लहानसे घर, मोडकळीस आली आहे. नवी आणायला तो टॉमीला आयरिश भटक्यांच्या तळावर धाडतो. तिथली गाडी विकत घेऊन ओढायला लागावे तो तिची चाकेच निखळतात. पैसे परत मागण्यावरून जुंपते आणि टर्किशचा धिप्पाड मल्ल तिथल्या मिकी नावाच्या काटक्या पोराच्या एका ठोशात आडवा होतो. आता ठरलेल्या लढतीला माणूस कुठला आणायचा? मिकीलाच! त्या लढतीवर डाव लावणारा ब्रिकटॉप हा म्हातारा म्हणजे साक्षात यमदूत. नको असलेल्या माणसांना तो डुकरांच्या खुराड्यात पोचवतो, आणि डुकरे किती वेळात किती खातात याचा हिशेब चहाच्या कपावर बोलावे तसा ऐकवतो.

मिकीचे काम ब्रॅड पिटने केले आहे. त्याने स्वतःच रिचीकडे काम मागितले. लंडनचे बोलणे काही त्याच्या जिभेवर बसेना, तेव्हा ज्याचे बोलणे कुणालाच कळत नाही अशा भटक्याची भूमिका त्याला देण्यात आली, अशी हकीकत सांगतात. चित्रपटात त्याचा शब्द न् शब्द वाहून जातो आणि समोरचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. पण गंमत अशी की ज्याचे बोलणे कोणाला समजत नाही, त्याला मात्र सगळ्यांचे सगळे समजत असते.

या दोन्ही कथांचा गुंता ज्या रस्त्यावर पडतो, तो प्रसंग मी नातवाला तीनदा मागे घ्यायला लावला. लंडनच्या एका रस्त्यावर एकाच वेळी तीन गाड्या चालल्या आहेत. पहिलीत टर्किश आणि टॉमी. टॉमी दूध पितो आहे. टर्किशला त्याचा कंटाळा येतो आणि तो ते दूध हिसकावून खिडकीबाहेर भिरकावतो. दुसऱ्या गाडीत अव्ही आणि त्याने नेमलेला बुलेट-टूथ टोनी. मागच्या डिकीत बोरिसला कोंबलेले. ते दूध येऊन फुटते ते यांच्याच काचेवर! गाडी आदळते आणि बोरिस डोक्यावर पोते तसेच ठेवून रस्त्यावर धडपडत येतो. तिसऱ्या गाडीत टायरोन आणि मंडळी. त्यांना दिसते ते एवढेच, की एक पोतेवाला माणूस कुठूनसा समोर आला आणि आपल्या गाडीखाली सापडला. हा एकच क्षण दिग्दर्शक आपल्याला प्रत्येक गाडीत बसवून वेगळा दाखवतो. टर्किशला आपण काय केले याचा पत्ता नाही. अव्हीला दूध कुठून आले ते कळत नाही. टायरोनला माणूस कुठून आला ते कळत नाही. कळते ते फक्त आपल्याला, आणि म्हणून आपण हसतो. या जातीच्या चित्रपटाची सारी किमया या एका गोष्टीत आहे. पात्रांना वाटून दिलेले ज्ञान प्रेक्षकाच्या ओटीत मात्र एकवट पडते.

नातू म्हणाला, "आजी, तुमच्या काळी असले काही नव्हते." मी म्हटले, "आमच्या काळचे राहू दे, शूद्रकाच्या काळी होते!" आणि खरोखरच, 'मृच्छकटिक' आठवून पाहा. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, म्हणून आपल्याला ते घरचेच वाटते. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेवायला देते. शर्विलक भिंतीला भोक पाडून ते चोरतो. भोक कोणत्या आकाराचे पाडावे यावर आधी शास्त्रार्थ करतो आणि माप घ्यायला दोरी नाही म्हणून जानवे काढतो! चोरतो तरी कशासाठी? वसंतसेनेच्या दासीला सोडवून तिच्याशी संसार मांडण्यासाठी. म्हणजे दागिने फिरून मालकिणीच्याच हाती. त्यात जुगारी आहेत, चुकीच्या गाडीत बसलेली नायिका आहे, दुसऱ्या गाडीत लपलेला फरारी आहे. आणि शेवटी चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत मायेने घातलेले तेच दागिने भर न्यायालयात विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि निरपराध चारुदत्ताला वधस्तंभाकडे घेऊन जातात. प्रेमाने दिलेली वस्तू पुरावा होऊन उभी राहते. हसता हसता पोटात गोळा यावा असे हे नाटक आहे.

'स्नॅच'मध्येही तो गोळा येतो. मिकीला मुष्टियुद्धाचा मोबदला म्हणून हवी असते एक गाडी, आईला राहायला. हिऱ्यामागे धावणाऱ्या त्या सगळ्या कळपात आईसाठी काही मागणारा हा एकटाच. ठरल्याप्रमाणे चौथ्या फेरीत हरायचे सोडून तो पहिल्याच ठोशात जिंकतो. पुढे ब्रिकटॉपची माणसे रात्री ती गाडी पेटवून देतात. आई आत झोपलेली असते. तोवर प्रत्येक मुडद्याला हसलेले आपण इथे गप्प होतो. मुडद्यांच्या या गर्दीत एकाच मरणाला कोणीतरी रडणारे आहे, हे आपल्याला त्या ज्वाळांच्या उजेडात दिसते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. हिरा एक कुत्रा गिळतो. अव्ही त्याच्यावर गोळ्या झाडायला जातो आणि स्वतःच्याच टोनीला मारून बसतो. मिकी शेवटच्या लढतीत चौथ्या फेरीत पडतो आणि पडल्या जागेवरून उठून जिंकतो; त्याच सुमारास त्याचे भाऊबंद ब्रिकटॉपचा आणि त्याच्या माणसांचा हिशेब चुकता करतात. सकाळी तळ रिकामा. उरतो तो कुत्रा. टर्किश आणि टॉमी त्याला पशुवैद्याकडे नेतात, आणि ८६ कॅरटचा हिरा त्याच्या पोटात सापडतो.

इथे मला आमच्या आईच्या पाटल्या आठवल्या. चार तोळ्यांच्या, माहेरून आलेल्या. १९६८ साली बाबांची कंपनी बंद पडली आणि आठ महिने घरात पगार नव्हता. आमचे घर मात्र चालले. दादाची कॉलेजची फी भरली गेली, माझी पाटी-पुस्तके आली, दिवाळीला रव्याचे का होईना लाडूही झाले. कसे, ते कुणी विचारले नाही. त्या काळी मुले असले प्रश्न विचारीत नसत.

१९९९ साली आई गेली. तेराव्याच्या दिवशी बाबांच्या एका दिवंगत मित्राच्या पत्नी भेटायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्याकडून दर दिवाळीला आमच्याकडे फराळाचा एवढा मोठा डबा का येत असे, ते आमच्या ह्यांना शेवटपर्यंत उमगले नाही. पण त्यांना फार संकोच वाटे. म्हणून तर तुमच्या दादाच्या नोकरीसाठी त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला."

दादा चमकला. बाबांनी त्याला एकदा विश्वासात घेऊन सांगितले होते, की ते आठ महिने याच मित्राने गुपचूप पैसे पुरवले; परंतु 'बोलून दाखवू नका' अशी त्याची अट होती, आणि तो निरोप आईनेच आणला होता. अक्का म्हणाली, "म्हणजे पाटल्या गेल्याच नव्हत्या. माझ्या लग्नात, १९६९ साली, मी आईच्या हातात पाहिल्या होत्या." आणि मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मला वाटे, तिने त्या तुझ्यासाठी राखून ठेवल्या."

तीस वर्षे अक्काने हे मनात बाळगले होते! तिच्या बोलण्यातला तो बारीकसा तुटकपणा मला कधी उलगडला नव्हता, तो त्या क्षणी उलगडला.

माझ्याजवळ तिसरा तुकडा होता. दहा वर्षांची मी आईबरोबर सराफाकडे गेले होते. येताना तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. वाटेत दुसऱ्या एका दुकानात तिने लाल कागदातले काहीतरी घेतले, आणि घराच्या कोपऱ्यावर आल्यावर पाहिले तर पाटल्या पुन्हा हातात! मला एक पेढा मिळाला. मी तो खाल्ला आणि सारे विसरून गेले.

'स्नॅच'मध्ये सॉल आणि मंडळी टोनीवर पिस्तुले रोखतात. तो शांतपणे त्यांना दाखवून देतो, की तुमच्या पिस्तुलांवर 'नकली' असे कोरलेले आहे. आईच्या पाटल्यांवर असे काही कोरलेले नव्हते. आणि असते तरी तिचा हात हातात घेऊन कोण वाचणार होते?

ट्रंक उघडली. लाल कागदात मुलाम्याच्या पाटल्या होत्या. जागोजाग पितळ दिसत होते. आम्ही तिघे प्रथम हसलो. ज्या मित्राने एक पैसा दिला नव्हता त्याला बाबांनी आयुष्यभर चकल्या पोचवल्या, आणि ज्या चकल्यांचे कारण त्याला कळले नाही त्यांच्यापायी त्याने दादाला नोकरी लावून दिली! रिचीलासुद्धा सुचले नसते. मग अक्का रडायला लागली आणि तिने माझा हात धरला.

बाबांचा स्वाभिमान जपायचा म्हणून आईने मित्राचे नाव पुढे केले असावे. 'बायकोच्या अंगावरचे सोने खातो आहे' हे त्यांना सोसले नसते. मित्राचे उपकार त्यांनी डब्याडब्याने फेडले आणि मान ताठ ठेवून गेले. चित्रपटात प्रेक्षकाला मिळते ती उंचावरची जागा आमच्या घरात एकट्या आईची होती. सगळ्या गाड्या कुठे चालल्या आहेत ते तिला दिसत होते, आणि तिथे बसून तिला हसता मात्र येत नव्हते.

दिवाळीत घर भरलेले असते. तीन पिढ्या एका पंगतीला बसतात, आणि प्रत्येकाच्या गाठीला गोष्टीचा एकेक तुकडा असतो. फराळ आटोपल्यावर ते तुकडे एकदा जुळवून पाहावेत. सांगणारी माणसे पंगतीत आहेत तोवरच. 'स्नॅच'मधला हिरा शेवटी कुत्र्याच्या पोटात सापडला. आमच्या आईच्या पाटल्यांचाही तपास तसाच लागला. त्या आठ महिन्यांत आम्हा तिघा भावंडांच्या पोटात त्या घास घास करून गेल्या होत्या.