घरात दुसरी बंदूक

आमच्या भिलाईच्या क्वार्टरमध्ये मागच्या अंगणाची भिंत आणि स्वयंपाकघराचा उंबरठा यांत नऊ मीटर साठ सेंटिमीटरचं अंतर आहे. एअर रायफलच्या नेमबाजीला दहा मीटर लागतात. उरलेले चाळीस सेंटिमीटर माझ्या स्वयंपाकघरातून काढले गेले. त्यामुळे संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात ओट्याजवळ एक तरी मूल बंदूक घेऊन उभं असतं आणि माझा पोळ्यांचा तवा गॅसवरून उतरलेला असतो.

माझे सासरे साठच्या दशकात वर्ध्याहून इथल्या पोलाद कारखान्यात आले. पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली होती आणि वसाहतीचे सेक्टर अजून वाढत होते. पुढे 'हे'ही त्याच कारखान्याच्या रेल मिलमध्ये लागले. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी मोडकीतोडकी छत्तीसगडी, असा आमचा संसार. त्यात बंदुकीचा काही संबंध नव्हता. पाच वर्षांपूर्वी थोरल्याने एनसीसीच्या शिबिरात नेम धरला आणि घरी येऊन हट्ट धरला. तेव्हा आठ हजारांची, बॅरल मोडून छर्रा भरायची साधी स्प्रिंगची रायफल घेतली. दादाची म्हणून ती आली. हळूहळू धाकटीही त्यावर हात साफ करू लागली.

सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "घरात देव्हारा असावा, बंदूक कशाला?" असं त्या म्हणत. त्यांचंही चूक नव्हतं. छऱ्याने डोळा जाऊ शकतो. पाखरांवर बंदूक चालवणारी पोरं प्रत्येक वस्तीत असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम ठरले. अंगणात कुणी असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही. भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडे वळवायची नाही. काम झालं की ती कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. छरे शिशाचे असतात, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय ताटाला शिवायचं नाही. टार्गेटमागे ह्यांनी जाड पत्र्याची पेटी बसवली आणि तिच्यात जुनी सतरंजी कोंबली. परवान्याची चौकशीही केली. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंत नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंत जोराच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्याच्या पलीकडे गेलं की परवाना आला.

यंदा थोरला बारावीत आणि धाकटी नववीत. दोघांचं एकमत झालं, की जुन्या रायफलीवर आता पुढे जाता येणार नाही. ते खरंही होतं. स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा ओढला की आतला दट्ट्या धावतो, बंदूक हिसका देते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच ती हललेली असते. स्पर्धेतल्या रायफलीत दाबून भरलेल्या हवेची नळकांडी असते, हिसका जवळजवळ नाहीच. दोघांनी स्पर्धेत उतरायचं म्हटलं तर तशी रायफल हवी.

रिकरिंग डिपॉझिट मोडून आणि बोनसचे पैसे धरून नव्वद हजार जमले. एका रायफलीपुरते. आमच्या घराला ही रक्कम लहान नाही. नव्या परदेशी रायफलीची किंमत विचारली तेव्हा दुकानदाराने दोन लाखांच्या पुढचा आकडा सांगितला. आम्ही त्याचे आभार मानून फोन ठेवला.

मग सुरू झाली चर्चा. ह्यांचं म्हणणं, पिस्तूल घ्यावं. हिशेब बरोबर होता. रायफलवाल्याला बंदुकीखेरीज जाड कॅनव्हासचं जाकीट, तशीच पँट, सपाट तळाचे बूट, हातमोजा असा सगळा सरंजाम लागतो. पिस्तूलवाला साध्या कपड्यांत उभा राहतो. शिवाय पिस्तुलाच्या कार्डावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, तर रायफलीच्या कार्डावर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. एका ओळखीच्यांचं पिस्तूल आणून दोघांच्या हाती दिलं. थोरल्याला आवडलं, पण त्याचा जीव रायफलीत. धाकटीने दहा-बारा छरे मारले आणि ठेवून दिलं. म्हणाली, "आई, मला त्या टिंबावर मारायला आवडतं." पूर्णविरामाएवढं टिंब आणि ते नववीतल्या मुलीला आवडतं म्हणे! मी हसले आणि विसरले.

तेवढ्यात नागपूरहून निरोप आला. एका नेमबाजाने खेळ सोडला होता आणि त्याची जर्मन बनावटीची रायफल तो पंच्याऐंशी हजारांत द्यायला तयार होता. थोरल्याच्या डोळ्यांत चमक आली. माझ्याही मनाने घेतलं, की हीच. खरं सांगायचं तर माझ्या मनात रायफल थोरल्यासाठीच होती. टार्गेटची चांगली चांगली कार्डं मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवत असे, आणि ती त्याचीच आहेत असं धरून चालले होते. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री डबा उघडला. नागपूरला त्या गृहस्थांना दाखवावीत म्हणून सर्वांत चांगली सहा कार्डं निवडली आणि तारखा पाहायला उलटी केली. सहापैकी पाचांच्या मागे धाकटीचं, उलट्या बाजूला झुकलेलं अक्षर होतं. ते ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण धाकटी डावरी आहे. मी ती कार्डं पुन्हा डब्यात ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही.

सकाळी दुर्गहून रेल्वेने चौघंही नागपूरला गेलो. रायफल खरोखर देखणी होती. थोरल्याने खांद्याला लावली. ती जणू त्याच्यासाठीच केली होती. मग मी म्हटलं, "आता ताईला दे." तिने डाव्या खांद्याला लावली आणि मला सगळं दिसलं. गाल टेकवायची लाकडी उशी पलीकडच्या बाजूला, मुठीचा कोरीव आकार उजव्या तळव्याचा, छर्रा भरायची खाचही उलट्या हाताला. गाल टेकेना, मान अवघडली, बोटं मुठीवर बसेनात. तिने बंदूक खाली ठेवली आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "चालेल आई. मी सवय करून घेईन."

वाचकहो, हे वाक्य मी ओळखते. लहानपणी मीही डावरी होते. पाटी डाव्या हाताने धरली की गुरुजींची पट्टी बसायची. डाव्या हाताने घास उचलला की आजी ताट ओढून घ्यायची. मी सवय करून घेतली. आज उजव्या हाताने लिहिते, पोळ्या लाटते, वाढते. कुणाला शंकाही येत नाही. पण सुईत दोरा ओवायचा झाला की अजून डावाच हात पुढे येतो. लेकीच्या हाताला मी कधी अडवलं नव्हतं, त्याचा मला अभिमान होता. आणि आता पंच्याऐंशी हजार मोजून मीच तिला उजवी करायला निघाले होते.

त्या दिवशी आम्ही रायफल घेतली नाही. निमित्त मात्र ह्यांनी दिलं. रेल मिलमध्ये जन्म गेलेला माणूस. वस्तू हातात आली की आधी शिक्का शोधतो. त्यांनी हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचली. या नळकांड्यांना बनवल्यापासून ठरावीक मुदत असते, बहुधा दहा वर्षांची. ती संपली की स्पर्धेत चालत नाहीत आणि वापरणं धोक्याचंही. त्या नळकांड्याचे आठ महिने उरले होते. नवं घ्यायचं तर पुन्हा मोठा खर्च. विकणाऱ्याने लपवलं नव्हतं, आम्हीच विचारलं नव्हतं. त्याने चहा पाजला आणि आम्ही उठलो.

परतीच्या गाडीत थोरला खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, कार्डांचंही. तो म्हणाला, "मला माहीत आहे तिचा नेम चांगला आहे. पण बंदूक माझ्यासाठी आणली होती ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. हे लिहायचं कारण एवढंच, की अशा लेखांत भाऊ नेहमी हसत हसत त्याग करतो. आमच्याकडे तसं झालं नाही. त्याचा हिरमोड झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

शेवटी भारतीय बनावटीची रायफल घेतली. दोन्ही हातांना चालेल असा तिचा दस्ता आहे आणि गालाची उशी वरखाली होते. ती बावन्न हजारांना पडली. हातपंप नऊ हजारांचा. जाकीट एका मोठ्या मुलीचं जुनं मिळालं. बाह्या मी घरीच आखूड करू म्हटलं, पण माझ्या शिलाई मशीनची सुई मोडली आणि मोच्याकडे जावं लागलं. उरलेल्या पैशांना मी हात लावू दिला नाही. ते छऱ्यांसाठी आणि स्पर्धांच्या गाडीभाड्यासाठी. हे म्हणाले ते मला पटलं. मिल कितीही भारी असो, कच्चा माल नसेल तर ती नुसती उभी राहते.

छऱ्यांचा हिशेब तर मी मुद्दाम मांडला. पूर्वी मोठ्या स्पर्धांत एअर रायफलला पुरुषांना साठ नेम आणि बायकांना चाळीस असत. २०१८ पासून दोघांनाही साठ. साठ नेमांना सव्वा तास. म्हणजे सरावाला दोघांना छरेही सारखेच लागणार. पाचशेचा डबा किती दिवस पुरतो, हे आता मला साखरेच्या डब्याइतकं पाठ आहे. सगळाच सराव छऱ्यांनी करायचा नसतो, हेही कळलं. या रायफलीत छर्रा न भरता नुसता घोडा ओढण्याचा सराव करता येतो. जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीत तसं केलं तर आतला दट्ट्या खराब होतो. हा कोरडा सराव फुकट, आवाजही नाही. त्या वेळी माझा तवा गॅसवर राहू शकतो.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "बिटिया को पुलिस में भेजना है क्या?" मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. मनात मात्र नावं येतात. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य आणलं. माझी मुलगी तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. जिल्ह्यात जाईल की नाही, तेही माहीत नाही. पण ती जिथवर जाईल तिथवर तिला स्वतःच्या खांद्यावर बंदूक धरता यावी, एवढंच मला हवं होतं.

ज्यांच्या घरी असा प्रश्न येईल, त्यांना चार गोष्टी सांगते. आधी मुलाच्या खांद्याला लावून पाहा, मग किंमत विचारा. जुनी घेताना नळकांड्यावरची तारीख वाचा. सगळे पैसे बंदुकीत घालू नका, छऱ्यांना ठेवा. आणि कार्डं जपून ठेवत असाल तर ती उलटून पाहा.

हातपंपाने दोनशे बारपर्यंत हवा भरायची म्हणजे चांगलाच व्यायाम. गाडीच्या चाकात असते त्याच्या शंभरपट हा दाब. ते काम थोरला करतो, न बोलता. भरून झालं की आधी स्वतः वीस नेम मारतो, मग बहिणीकडे देतो. परवा तिचे झाल्यावर मला म्हणाला, "आई, तूही मार ना एकदा." मी नको नको म्हणत बंदूक उचलली. सासूबाई पाटावर बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, डाव्या खांद्याला काय लावतेस?"

मी पाहिलं तर खरंच, बंदूक आपोआप डाव्या खांद्याला गेली होती. मी ती तशीच ठेवली. छर्रा कुठे लागला ते विचारू नका. पोळी मात्र करपली.