कंपायलरचा पाठभेद

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे ‘शिवभारत’ आपल्यापर्यंत आले ते लेखनिकांच्या हातून. महाडला आमच्या जुन्या ३२-बिट संगणकावर आम्हांला असाच एक लेखनिक भेटतो: कंपायलर. मूळ संहिता तीच. परंतु या यंत्राचे जुने गणित-एकक अपूर्णांक ८० बिटांत धरते, नवी यंत्रे बहुधा ६४ बिटांत. शेवटचा अंक हलतो आणि पॅकेजची चाचणी कोसळते. पुष्कळ जण मग त्या यंत्रापुरती चाचणीच गाळतात. अवघड पाठ गुपचूप वगळणारे संपादक आपल्याकडेही आहेत, असो! हे गणित ‘एसएसई२’कडे वळवणे अधिक प्रामाणिक, पण पेंटियम ३ला त्या आज्ञा कळतच नाहीत. २०२५च्या डेबियन १३ने तर ३२-बिट इंटेलसाठी कर्नल देणेच थांबवले. आमची निम्मी टिपणे अजून त्याच यंत्रावर आहेत.